सांगलीच्या सपाटीवर सायकल: कृष्णाकाठापासून तासगावच्या बागांपर्यंत

सांगलीत कुणी नवी सायकल घेतली की ऐकायला मिळतं, "आपल्याकडं काय, सगळा सपाट रस्ता. चढ नाही, घाट नाही." हे निम्मं खरं आहे. घाट नाही, हे बरोबर. पण घाटात चढ संपला की उतार येतो आणि उतारावर पाय सुटतात. सपाटीवर ती सुट्टी नसते. 25 किलोमीटर म्हणजे 25 किलोमीटर सलग पॅडल. बसण्याची एकच ढब, हातांची एकच पकड आणि अंगावर वारं.

माझी पहिली लांब फेरी तासगावची होती. जून महिना, पाऊस अजून धरला नव्हता. जाताना सायकल आपोआप पळत होती आणि मला वाटलं, पायात बळ आलंय. तासगावात चहा घेऊन परत फिरलो तेव्हा कळलं की ते बळ पाठीमागच्या वाऱ्याचं होतं. तासाभरात गेलो, यायला दोन तास लागले. कवलापूरजवळ एका झाडाखाली अर्धा तास नुसता बसून होतो. पुढं मी जे शिकलो त्याचा बराचसा भाग त्या दिवसातून आला. इथं सायकल चालवायची तर दोन गोष्टी आधी वाचता आल्या पाहिजेत, वारं आणि शेत.

कोणती सायकल

सुरुवातीला महागडी रोड बाइक घेऊ नका. घरात असलेली किंवा साधी हायब्रीड (रोड बाइक आणि डोंगरी सायकल यांच्या मधली) सायकल पुरते. आपले रस्ते डांबरी असले तरी कडा तुटलेल्या असतात आणि समोरून ट्रॉली आली की मातीत उतरावं लागतं. अगदी बारीक टायर अशा वेळी दगा देतो. 32 ते 38 मिलिमीटर रुंदीचा टायर इथं सगळ्यात कामाचा. एमटीबीचे, म्हणजे डोंगरी सायकलचे, जाड खाचांचे टायर मात्र सपाट डांबरावर नुसती ताकद खातात. एमटीबीच असेल तर टायर बदलून गुळगुळीत घ्या, दुसरी सायकल घेतल्यासारखं वाटेल.

सीटची उंची हा नवशिक्यांचा सगळ्यात मोठा घोळ. पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि महिन्यात गुडघे धरतात. भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल पार खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्यानं पॅडल मारताना गुडघा थोडा वाकलेला राहतो, आणि तेच हवं असतं. थांबताना सीटवरून पुढं उतरायची सवय दोन दिवसांत होते.

हवेचा प्रश्न वेगळा. बऱ्याच नव्या सायकलींना बारीक तोंडाचा वॉल्व्ह असतो, त्याला प्रेस्टा म्हणतात. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. नांद्र्यात किंवा कवठे एकंदला चाक बसलं आणि दुकान उघडं असूनही हवा भरता आली नाही, असं होऊ शकतं. त्यावर छोटासा पितळी अडॅप्टर मिळतो. तो वॉल्व्हवरच घट्ट लावून ठेवा, खिशात ठेवला की हरवतो. मोटारसायकलच्या कॉम्प्रेसरनं हवा भरून घेणार असाल तर दुकानदाराला थोडी थोडी सोडायला सांगा, कारण सायकलची ट्यूब एका दमात फुगते आणि फुटतेही. हवा किती, ते टायरच्या बाजूला छापलेलं असतं. त्यातल्या वरच्या आकड्यापर्यंत जायची गरज नाही.

सोबत एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पंक्चरचं साहित्य, छोटा पंप आणि षटकोनी चाव्यांचा संच ठेवा. बाभळीचा काटा इथला कायमचा सोबती आहे. बांधावरची बाभूळ छाटली की फांद्या ट्रॉलीतून नेतात आणि काटे रस्त्यावर पडत जातात. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट फिरवून तो काटा शोधून काढाच. तो राहिला तर नवी ट्यूबही दोन किलोमीटरमध्ये जाते. चाक काढणं-बसवणं घरी दोनदा करून बघा, पहिला प्रयत्न रस्त्याच्या कडेला नको.

हेल्मेट आणि मागचा लाल दिवा यांबद्दल चर्चा नको, दोन्ही हवेतच.

पहिले तीन आठवडे: हरिपूर

सांगलीपासून हरिपूर चारेक किलोमीटरवर. वारणा कृष्णेला मिळते तो संगम आणि काठावरचं संगमेश्वराचं देऊळ. शिकायला याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. अंतर कमी, वाहनं बेताची, आणि काही बिघडलं तर सायकल ढकलत घरी येता येतं. हळद साठवायची जमिनीतली पेवं याच हरिपुरात होती. 2005 च्या महापुरात त्यातली बरीच गेली. संगमावर थांबलात तर गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला पेवांबद्दल जरूर विचारा.

इथं अंतर वाढवायच्या मागं लागू नका. पॅडलचा ताल शिका. नवीन माणूस जड गिअर टाकतो आणि दाबून दाबून चालवतो, कारण त्यात जोर लावल्यासारखं वाटतं. सपाटीवर याच्या उलट करायचं असतं. गिअर हलका ठेवा आणि पाय भरभर फिरवा. मिनिटाला 80 ते 90 फेरे हा चांगला ताल आहे. एक पाय 15 सेकंदांत किती वेळा खाली गेला ते मोजा, 20 च्या पुढं आकडा आला की ठीक. सुरुवातीला सीटवर उडल्यासारखं होईल. आठवड्याभरात अंग स्थिरावतं.

दर दहा-पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभं राहून पाचसहा फेरे मारा आणि हातांची पकड बदला. घाटातला माणूस चढावर आपोआप उभा राहतो. आपल्याला ते आठवणीनं करावं लागतं, नाहीतर बोटांना मुंग्या येतात आणि बैठक दुखते.

पहिल्या आठवड्यात तीन दिवस 8 ते 10 किलोमीटर, दुसऱ्यात 15, तिसऱ्यात एखाद्या दिवशी 25. हरिपूरच्याच दोन-तीन चकरा मारल्या तरी चालतील.

वारं वाचायला शिका

मार्चपासून दुपारी पश्चिमेचं वारं सुटतं. जूनपासून पावसाळाभर ते पश्चिमेचं आणि नैऋत्येचं असतं, आणि जोरात असतं. थंडीत वारं पूर्वेकडून, ईशान्येकडून, बहुतेक मंद. रोजची वेळ बघाल तर पहाटे वारं जवळजवळ पडलेलं असतं, नऊ-दहानंतर उठतं आणि दुपारी अंगावर येतं. म्हणून निघायची वेळ सहा, उन्हाळ्यात साडेपाच, थंडीत उजाडल्यावर.

नियम साधा आहे: जाताना वारं तोंडावर घ्या, येताना पाठीवर. दमायचं ते ताजं असताना दमावं. वाऱ्याची दिशा कळत नसेल तर उसाच्या शेताकडं बघा, पात एका बाजूला झुकलेली दिसते. गुऱ्हाळाचा नाहीतर वीटभट्टीचा धूरही सांगतो.

समोरून वारं असताना वेगाचा आकडा बघू नका. गिअर एक-दोन खाली टाका, कोपर वाकवून अंग थोडं झुकवा आणि पायांचा ताल तोच ठेवा. वेग कमी होऊ दे. दोघं-तिघं असाल तर एकामागे एक चाला, मागच्याला बराच आडोसा मिळतो. पुढच्यानं पाचेक मिनिटांनी बाजूला होऊन मागं यावं. मागच्यानं चाकाला चाक भिडवू नये, नवीन असताना एका सायकलीचं अंतर राखावं. खड्डा आला की पुढच्यानं हातानं दाखवायचा, तोंडानंही सांगायचा.

वाऱ्याची आणखी एक खोड आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच ऊस असला की आडवं वारं लागत नाही, आणि फड तुटलेला आला की एकदम आडवा झोत बसतो. अशा ठिकाणी हँडल सैल पण दोन्ही हातांत ठेवा. मोठा ट्रक शेजारून गेला तरी हेच होतं.

शेताचं वेळापत्रक

नदीकाठी काळी माती, तिथं ऊस आणि हळद. काठापासून पूर्वेला तासगाव, सावळज, मणेराजुरीकडं गेलं की पाणी कमी होत जातं आणि द्राक्षाचे मांडव सुरू होतात. सांगलीहून तासगावला सायकलवर गेलात तर 25 किलोमीटरमध्ये हा बदल डोळ्यांसमोर होतो. मोटारीतून तो कधी नीट दिसत नाही. दोन्ही पिकांचा हंगाम सायकलवाल्याला माहीत हवा, कारण रस्ता खरं तर त्यांचा आहे.

उसाचा गळीत हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. या काळात ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. अंधारात या रस्त्यांवर जाऊच नका, उजाडल्यावरच निघा. ट्रॅक्टर तुम्हाला ओलांडताना तो पुढं गेला म्हणजे संपलं असं समजू नका, मागची ट्रॉली हेलकावे खात येते. तुम्हाला ट्रॉली ओलांडायची असेल तर समोर मोकळा रस्ता लांबवर दिसला तरच पुढं जा, नाहीतर मागं राहा आणि अंतर ठेवा, कारण वरून ऊस घसरून पडतो. रस्त्यावर पडलेलं उसाचं कांडं बारीक दिसतं, पण पातळ टायर त्यावरून तिरका गेला तर चाक सटकतं. जमलं तर चुकवा, नाहीच जमलं तर सरळ, ब्रेक न दाबता जा. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर पडते. ती वाळलेली असताना दगड असते आणि दव पडलं की साबण.

द्राक्षाचं वर्ष वेगळं चालतं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत माल निघतो. फळछाटणीनंतरचे दोन-तीन महिने बागायतदाराच्या जिवाला घोर असतो. ढग आले, अवकाळी पाऊस झाला की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं पहाटेच फवारणीचे ब्लोअर सुरू होतात. तुम्हाला रस्त्याच्या कडेला पांढरं धुकं दिसेल. ते धुकं नसतं, औषधाचा फवारा असतो. वारं तुमच्याकडं असेल तर अलीकडंच थांबा, ब्लोअर पलीकडच्या ओळीत वळेपर्यंत दोन मिनिटं लागतात. तोंडाला रुमाल बांधून मधून जाऊ नका, रुमालानं औषध अडत नाही. मी एकदा तसा गेलो आणि दिवसभर डोळे चुरचुरत होते. पाण्याच्या बाटलीचं तोंडही झाकलेलं हवं.

आणि कुणाच्या बागेत हात घालू नका. घड रस्त्यावरून हाताला येईल इतका जवळ असतो, मोह होतो. पण तो माल वर्षभर कर्ज काढून, राखण करून आणलेला असतो आणि त्यावर कालचीच फवारणी असू शकते. तोड चालू असेल तिथं थांबून बोला. "काय पाव्हणं, कुठनं आलाय?" असं विचारूनच बोलणं सुरू होतं, आणि बऱ्याचदा न मागता घड हातात येतो. धुऊन खा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बेदाण्याच्या शेडवर थांबायला विसरू नका. जाळीच्या रॅकवर एकावर एक थर देऊन द्राक्षं वाळत घातलेली असतात, साधारण पंधरवड्यात बेदाणा तयार होतो. चार किलो द्राक्षांतून एक किलोच्या आसपास बेदाणा निघतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. सायकलवाल्यासाठी तर ही खिशातली शिदोरी. मूठभर बेदाणे आणि थोडे खारे शेंगदाणे, यापुढं बाहेरून मागवलेल्या महागड्या एनर्जी जेलची मला कधी गरज वाटली नाही.

खाणं-पाणी

तासाभराच्या फेरीला पाणी पुरतं. त्यापुढं दर पाऊण तासाला काहीतरी पोटात जाऊ द्या: केळं, बेदाणे, गूळ-शेंगदाणे. भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरा. उन्हाळ्यात एका बाटलीत लिंबू, मीठ आणि साखर घाला. रसवंती दिसली की थांबावंसं वाटतं आणि थांबावंच, पण अर्धाच ग्लास आणि बर्फ नको. पोटभर रस घेऊन लगेच पॅडल मारलं की पोट ढवळतं. भडंग घरी आल्यावर.

दुसरा टप्पा: औदुंबर

हरिपूरच्या चकरा अंगवळणी पडल्या की सांगलीतून कर्नाळ, नांद्रे, वसगडे, भिलवडी आणि पूल ओलांडून औदुंबर. एका बाजूनं सुमारे 25 किलोमीटर. वाटेत येरळा नदी लागते, ती ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. पुणे-मिरज रेल्वेमार्ग याच भागातून जातो. रूळ ओलांडायची वेळ आली तर चाक रुळाला काटकोनात न्या. तिरकं गेलं की टायर फटीत बसतो आणि माणूस खाली येतो. पावसात तर उतरूनच जा.

भिलवडीचा कृष्णाघाट रुंद आहे, तिथं बसून पाय मोकळे करा. पलीकडं औदुंबरला दत्ताच्या पादुकांचं देऊळ आणि गर्द झाडी आहे. नृसिंह सरस्वतींनी इथं एक चातुर्मास केला, अशी श्रद्धा आहे. गुरुवारी आणि पौर्णिमेला गर्दी असते, त्या दिवशी हा रस्ता सायकलला नको.

घामेजून आल्यावर नदीत उतरावंसं वाटतं. उतरू नका. सांगली ते भिलवडी, औदुंबर या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. पाणी संथ दिसतं म्हणून फसू नका. काठावरच्या झुडपांत सायकल टेकवून बसणंही टाळा, लोक वावरतात तिथंच बसा.

पावसाळ्यात निघायच्या आधी आयर्विन पुलाची पातळी बघायची. सांगलीकराला हे सांगावं लागत नाही, पण बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो: 1929 च्या या पुलावर फुटांच्या खुणा आहेत, 40 फूट इशारा, 45 फूट धोका. 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. पातळी इशाऱ्याकडं चढू लागली की नदीकाठचे रस्ते विसरा. रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात सायकल घालू नका, पाणी घोट्याएवढं का असेना. खाली डांबर शिल्लक आहे की नाही ते वरून दिसत नाही.

कुत्र्यांचं थोडक्यात. वस्तीजवळ कुत्रं मागं लागलं की वेग वाढवू नका. थांबा, उतरा, सायकल दोघांच्या मध्ये ठेवा आणि चालत पुढं जा. बहुतेक कुत्री तिथंच थांबतात. गावाच्या शिवारात रंग न दिलेले गतिरोधक असतात, शाळा किंवा देऊळ दिसलं की तो असणार असं धरूनच चाला.

तिसरा टप्पा: तासगावसह त्रिकोण

आधी नुसतं तासगाव जाऊन-येऊन करा. माधवनगर, बुधगाव, कवलापूर, कवठे एकंद, तासगाव. माधवनगरपर्यंत वाहनांची वर्दळ असते, ती सहा-साडेसहाच्या आत, थंडीत उजाडल्याबरोबर ओलांडा. थंडीत कवलापूरला ताजी गाजरं मिळतात, सायकलवर खायला याहून सोपं काही नाही. तासगाव जवळ येताना रस्ता हळूहळू चढतो. डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळतो. तासगावात परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, त्याचं सात मजली गोपुर लांबूनच दिसतं. भाद्रपदात गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी इथं रथोत्सव असतो. त्या दिवशी सायकल घेऊन गावात शिरू नका.

हे दोन-तीनदा जमलं की त्रिकोण: सांगली, तासगाव, भिलवडी, सांगली. सगळं मिळून 65 किलोमीटरच्या आसपास. सुरुवातीला सहा-आठ आठवड्यांचा सराव हवा आणि सोबत एक तरी माणूस हवा. त्रिकोण कुठल्या बाजूनं फिरायचा हे ऋतू ठरवतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आधी भिलवडी, म्हणजे पश्चिमेचं वारं सकाळीच तोंडावर घेऊन मोकळं व्हायचं. मग भिलवडी ते तासगाव वारं पाठीवर येतं. थंडीत उलट, आधी तासगाव. तिथून भिलवडीकडं वळलात की पूर्वेचं वारं ढकलतं आणि शेवटचा टप्पा थोडा आडव्या वाऱ्याचा राहतो. माझा आवडता महिना जानेवारी: मांडवाखाली घड भरलेले, सकाळी गारवा, आणि अकराच्या आत घरी. दंडोबाचा डोंगर, सागरेश्वरचा चढ हे यानंतर. तिथं गिअर, ब्रेक आणि दम यांचा वेगळा अभ्यास लागतो.

घरी आल्यावर आंघोळीआधी सायकल बघा. उसाच्या पट्ट्यातली बारीक काळी धूळ तेलाला चिकटते आणि चेन खाते. जुन्या सुती कापडात चेन धरून पॅडल उलटं फिरवा, कापड काळं व्हायचं थांबेपर्यंत. मग प्रत्येक कडीवर एक थेंब चेनचं तेल, आणि पाच मिनिटांनी वरचं जादा तेल पुसून टाका. घरातलं खोबरेल किंवा मशीनमधलं जळकं ऑइल नको, त्यावर धूळ दुप्पट बसते. टायरवरून हात फिरवून अडकलेले काटे आणि खडे काढा. रात्री काटा आत शिरून चाक बसलं तर सकाळी सहाला सोबतचा माणूस चौकात वाट बघत उभा राहतो.